शिक्षेत न सांगितलेली कपात

सश्रम कारावासाची शिक्षा सुनावली जाते तेव्हा निकालपत्रात मुदत लिहिलेली असते, दंड असेल तर त्याची रक्कम लिहिलेली असते आणि दंड भरला नाही तर आणखी किती महिने आत राहावे लागेल तेही लिहिलेले असते. त्या माणसाच्या दिवसभराच्या श्रमाची किंमत बाहेरच्या मजुराच्या तुलनेत अमुक हिश्शावर आणावी, असे मात्र कोणत्याही निकालपत्रात लिहिलेले नसते. ही कपात नंतर होते, एखाद्या खात्याच्या परिपत्रकातून होते आणि शिक्षा संपेपर्यंत दर महिन्याला होत राहते. तिच्यावर युक्तिवाद होत नाही, तिच्याविरुद्ध अपील होत नाही, आणि ती किती असावी हे ठरवताना गुन्ह्याचे स्वरूपही कोणी पाहत नाही. कैद्यांच्या मजुरीविषयी बोलणे निघाले की लोक दया आणि कठोरता अशा दोन बाजू पाडतात. मला त्यात दयेचा संबंध दिसत नाही. न्यायालयाने जी शिक्षा दिली तिच्याबाहेर आणखी काय काय काढून घेण्याचा अधिकार तुरुंगाला आहे, एवढाच हा प्रश्न आहे, आणि तो जितका साधा आहे तितकाच दुर्लक्षित राहिला आहे.

तुरुंगातले काम नेहमीच उपयोगासाठी असे, असे नाही. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये विल्यम क्युबिट नावाच्या अभियंत्याने १८१८ च्या सुमारास कैद्यांसाठी पायचक्की तयार केली. एक लांबलचक पोकळ दंडगोल, त्याला बाहेरून पायऱ्या, आणि त्या पायऱ्यांवर ओळीने उभे केलेले कैदी. वरच्या दांडीला धरून पाऊल उचलायचे, तोवर पायाखालची पायरी खाली गेलेली असायची, म्हणून पुन्हा पाऊल उचलायचे. शेजाऱ्याशी बोलता येऊ नये म्हणून अनेक ठिकाणी मध्ये फळ्या लावलेल्या असत. काही तुरुंगांत या चक्कीवर धान्य दळले जाई किंवा पाणी उपसले जाई; इतर कित्येक ठिकाणी ती नुसतीच फिरत असे. त्याहून क्रूर प्रकार म्हणजे कोठडीतला हातदांडा. वाळू भरलेल्या पेटीत तो फिरवायचा, दिवसाला दहा हजार फेऱ्यांपर्यंत, आणि फेऱ्या मोजायला यंत्र लावलेले. एक स्क्रू पिळला की दांडा आणखी जड होई आणि तो पिळणे वॉर्डरच्या मर्जीवर असे. ब्रिटनच्या १८९८ च्या तुरुंग कायद्यानंतर हे प्रकार बंद झाले. अंदमानच्या सेल्युलर तुरुंगातला कोलू त्यानंतरचा. तिथे तेल निघत होते, पण रोजचा कोटा माणसाच्या नव्हे, बैलाच्या ताकदीच्या हिशेबाने ठरवलेला होता.

हे सांगण्याचे कारण असे, की काम बदलले तरी त्यामागची समजूत पुरती बदललेली नाही. आज तुरुंगात पायचक्की नाही. आज कैदी शेकडो माणसांचा स्वयंपाक करतात, कपडे धुतात, मागावर कापड विणतात, सुतारकाम करतात, छपाई करतात, शेती करतात, इमारतीची डागडुजी करतात, कार्यालयातल्या नोंदी लिहितात. तुरुंगाचा रोजचा गाडा ओढणारे हात बहुतांशी कैद्यांचेच असतात, आणि ते सगळे उद्या काम थांबवून बसले तर दुसऱ्या दिवशी त्याच कामांसाठी बाहेरची माणसे पूर्ण पगारावर नेमावी लागतील. म्हणजे या कामाला बाजारात मोल आहे, त्याचा उपयोग आहे आणि त्याने सरकारचे पैसे वाचतात. तरीही मजुरी ठरवण्याची वेळ आली की ते काम पुन्हा शिक्षेचा भाग होते आणि हातावर टेकवलेली रक्कम ‘प्रोत्साहन’ म्हणून दिली जाते. काम मोजताना उत्पादन धरायचे आणि पैसे मोजताना प्रायश्चित्त धरायचे, हे मला मान्य होत नाही.

ही सोय किती दूर जाऊ शकते ते अमेरिकेने दाखवून दिले आहे. १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने तिथली गुलामगिरी संपवली, पण त्याच वाक्यात एक अपवाद ठेवला: रीतसर दोषी ठरलेल्या माणसाला शिक्षा म्हणून लावलेली सक्ती वगळून. दक्षिणेकडच्या राज्यांनी हा अपवाद लगेच कामाला लावला. बेकार भटकण्यासारख्या किरकोळ कारणांवरून नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना पकडायचे, दोषी ठरवायचे, आणि खाणी, रेल्वे, मळे यांच्या मालकांना भाड्याने द्यायचे. मालकाच्या दृष्टीने गुलाम विकत घेण्यापेक्षा हे स्वस्त होते, कारण गुलाम मेला तर भांडवल बुडे. भाड्याचा कैदी मेला तर दुसरा मिळे. १९११ च्या एप्रिलमध्ये अलाबामातल्या बॅनर कोळसा खाणीत स्फोट होऊन १२८ माणसे मेली. त्यांतले बहुतेक भाड्याने दिलेले कृष्णवर्णीय कैदी होते आणि अनेकांच्या शिक्षा अगदी किरकोळ गुन्ह्यांच्या होत्या. त्या राज्याने ही पद्धत बंद केली ती १९२८ मध्ये.

भाडेपट्टा गेला तरी अपवाद राहिला. टेक्सासमध्ये आजही तुरुंगातल्या नेहमीच्या कामाला मजुरी नाही. कॅलिफोर्नियात मजुरी आहे, आणि तिथले वणवे विझवणारे कैदी तर जगाला ठाऊक आहेत. २०२५ च्या जानेवारीत लॉस एंजेलिसच्या परिसरात वणवे पेटले तेव्हा शेकडो कैदी त्या कामावर होते. जिथे यंत्रे चढू शकत नाहीत अशा उतारांवर हातातल्या अवजारांनी झुडपे तोडायची, मुळे खणायची, उघडी माती दिसेपर्यंत एक पट्टा साफ करत जायचे, म्हणजे आग तिथे येऊन थांबते. पाळी कधीकधी चोवीस तासांची. त्या वेळी त्यांचा दर दिवसाला ५.८० ते १०.२४ डॉलर होता आणि आणीबाणीच्या कामावर ताशी एक डॉलर वर. त्या वर्षी पुढे कायदा बदलला आणि प्रत्यक्ष वणव्यावरच्या कामासाठी ताशी ७.२५ डॉलर, म्हणजे संघराज्याच्या किमान वेतनाइतका दर ठरला. ही सुधारणा मोठी आहे. पण ती यायला शहर जळावे लागले आणि ते जळताना टीव्हीवर दिसावे लागले, हेही खरे. स्वयंपाकघरात भांडी घासणाऱ्या कैद्याकडे कोणाचा कॅमेरा वळत नाही. त्याच कॅलिफोर्नियात २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये तुरुंगातली सक्तीची मजुरी राज्यघटनेतून काढून टाकण्याचा प्रस्ताव मतदानाला आला, तो मतदारांनी फेटाळला. शेजारच्या नेवाडाने त्याच दिवशी तसाच प्रस्ताव स्वीकारला.

आंतरराष्ट्रीय नियम याबाबत मुके नाहीत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९३० च्या सक्तीच्या श्रमांविषयीच्या करारात कैद्यांचे काम अपवाद म्हणून बाजूला ठेवलेले आहे, पण अटींवर: न्यायालयाने दोषी ठरवलेले असले पाहिजे, काम सरकारी यंत्रणेच्या देखरेखीखाली झाले पाहिजे, आणि कैद्याला खासगी व्यक्तीच्या किंवा कंपनीच्या हवाली करता कामा नये. खटला चालू असलेला कच्चा कैदी या अपवादात बसतच नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांत याच्या पुढची पायरी आहे. कामाचे स्वरूप पीडा देणारे नसावे, कोणत्याही तुरुंग कर्मचाऱ्याच्या खासगी फायद्यासाठी काम करून घेऊ नये, तास मर्यादित असावेत, सुरक्षिततेचे नियम बाहेरच्या कामगारांसारखेच असावेत, अपघात झाल्यास बाहेरच्या कामगारापेक्षा कमी भरपाई मिळू नये, आणि मोबदला न्याय्य असावा. त्यातला काही भाग कैद्याला खर्चता यावा, काही घरी पाठवता यावा आणि काही सुटकेच्या दिवसासाठी साठवला जावा. हे तीन हिस्से ज्याने मनात आणले, त्याला कैद्याचे घर दिसत होते असे मला वाटते.

भारतात हा प्रश्न घटनेच्या तेविसाव्या, म्हणजे बेगार आणि सक्तीच्या श्रमांना मनाई करणाऱ्या कलमाशी येऊन थांबतो. १९८२ मध्ये आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामांवरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत कोणाचे श्रम घेणे म्हणजे सक्तीचे श्रमच, कारण पोटाची गरजही माणसावर सक्ती करते. ही मांडणी तुरुंगाला लावली तर काय होईल, हा पुढचा स्वाभाविक प्रश्न होता आणि काही उच्च न्यायालयांनी तो कैद्यांच्या बाजूने सोडवण्याचा प्रयत्न केला. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर निकाल दिला. सश्रम कारावासातल्या कैद्याकडून त्याच्या संमतीविना काम घेता येते, पण त्याला न्याय्य मजुरी दिली पाहिजे. ती ठरवण्यासाठी राज्यांनी एक मंडळ नेमावे. तिच्यातून अन्नवस्त्राचा खर्च वजा करता येईल. आणि एक भाग गुन्ह्याला बळी पडलेल्यांच्या भरपाईसाठी बाजूला काढण्याची तरतूद राज्यांनी कायद्याने करावी. हा निकाल मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. मजुरी हा उपकार नसून हक्क आहे हे त्यातून पक्के झाले, याबद्दल कृतज्ञता वाटते. त्यातल्या दोन वजावटींशी मात्र माझे जमत नाही.

अन्नवस्त्राची वजावट आधी पाहू. वरवर ती बिनतोड दिसते: बाहेरचा मजूर आपल्या कमाईतून खातो, मग आतल्याने का खाऊ नये? पण त्याच तुरुंगात साध्या कैदेची शिक्षा झालेला माणूस आहे, त्याच्यावर कामाची सक्ती नाही. तिथेच कच्चा कैदी आहे. आजारपणामुळे कामातून सूट मिळालेला वृद्ध आहे. हे सगळे तेच जेवण जेवतात, त्याच चादरीवर झोपतात, आणि यांतल्या कोणालाही महिनाअखेरीस जेवणाचा हिशेब लावला जात नाही. लावताही येणार नाही, कारण ज्याला कुलूप लावून ठेवले त्याला जगवण्याची जबाबदारी कुलूप लावणाऱ्याची असते. मग हिशेब लागतो तो फक्त कामावर जाणाऱ्याला. म्हणजे पैसे जेवणाचे घेतले जातात असे म्हणायचे, आणि प्रत्यक्षात ते काम केल्याबद्दल घेतले जातात. शिवाय बाहेरचा मजूर आपल्या घरात काय शिजवायचे, कुठे काटकसर करायची, कोणता खर्च पुढे ढकलायचा हे ठरवू शकतो. कैद्याला यातले काहीच ठरवता येत नाही, आणि ज्या खर्चाबाबत ज्याला शब्द काढता येत नाही तो खर्च त्याच्या नावावर टाकणे मला अन्यायाचे वाटते.

पीडितांच्या भरपाईचा मुद्दा याहून अवघड आहे. ज्या घरातले माणूस गेले त्या घराने विचारले, की आमचा कमावता हात ज्याने नेला त्याच्या मजुरीची तुम्हाला एवढी काळजी का, तर त्यांच्यासमोर तत्त्वज्ञान सांगण्याचे धैर्य माझ्यात नाही आणि कोणात असूही नये. भरपाई मिळालीच पाहिजे. पण ती कशातून मिळते ते पाहावे. मजुरीतून सरसकट टक्केवारीने कापलेली रक्कम ही गुन्ह्याच्या प्रमाणात नसते, कष्टांच्या प्रमाणात असते. चोरी करून आलेला माणूस सुतारशाळेत आठ तास राबला तर त्याची कपात मोठी, आणि कोट्यवधींचा अपहार करून साध्या कैदेत बसलेल्या माणसाची कपात शून्य. आणि मजुरीच मुळात इतकी तुटपुंजी असेल तर तिचा चौथा हिस्सा काढून कोणत्या पीडिताच्या घरात काय उजेड पडणार? ज्यांना खरोखर वाटते की गुन्हेगाराने भरपाई द्यावी, त्यांनी तर पूर्ण मजुरीची मागणी सर्वांत आधी केली पाहिजे, कारण भरपाई पूर्ण मजुरीतूनच निघू शकते. न्यायालयाने त्या त्या प्रकरणात भरपाईची रक्कम ठरवावी, कैद्याला पूर्ण दाम मिळावा आणि त्यातून हप्ते जावेत. त्यात कैद्यालाही आपण काय फेडतो आहोत हे कळते.

जर्मनीच्या घटना न्यायालयाने नेमके यावरच बोट ठेवले. १९९८ मध्ये त्या न्यायालयाने तिथली कैद्यांची मजुरी, जी विमाधारक कामगारांच्या सरासरी कमाईच्या ५ टक्क्यांवर बांधलेली होती, घटनाबाह्य ठरवली. संसदेने ती ९ टक्के केली. जून २०२३ मध्ये दोन राज्यांच्या कायद्यांविषयी तोच प्रश्न पुन्हा आला, आणि न्यायालयाने ते कायदेही घटनेत बसत नाहीत असे सांगितले. कायद्याची अपेक्षा अशी, की कैद्याने कामाची किंमत ओळखावी, कर्ज फेडावे, कुटुंबाला पोसावे, पीडिताचे नुकसान भरून द्यावे. आणि त्यासाठी त्याच्या हातात ताशी दीड-दोन युरो. ज्याच्यावर इतकी कर्तव्ये टाकता त्याला ती पार पाडता येतील एवढे तरी द्या, नाहीतर कायद्याने स्वतःच सांगितलेल्या हेतूला काही अर्थ उरत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. सुधारणा, पुनर्वसन, समाजात परत येणे हे शब्द प्रत्येक तुरुंग खात्याच्या फलकावर असतात. कामाने माणूस सुधारतो यावर माझाही विश्वास आहे. पण महिनाभर राबून घरी पाठवण्याजोगे काहीच उरत नसेल, तर सचोटीच्या कष्टातून काही हाती लागत नाही हाच धडा आपण त्याच्याकडून रोज गिरवून घेतो.

कैद्याच्या मजुरीच्या खात्याचे एक पान डोळ्यांसमोर आणावे. डाव्या बाजूला कामाचे दिवस, त्यापुढे अकुशल, अर्धकुशल किंवा कुशल असा दर्जा, त्यापुढे दर. उजव्या बाजूला वजावटी, कँटीनमधून घेतलेला साबण, टूथपेस्ट, पोस्टाची तिकिटे, घरी केलेले फोन. अकुशल या रकान्यात बसलेला माणूस बाहेर गवंडी असतो, कोणी शिवणकाम जाणणारी बाई असते, कोणी हिशेब लिहिणारा असतो. तुरुंगात त्या कौशल्याचे काम नसले की तो अकुशल ठरतो. सणावाराला काम बंद राहिले तर दिवस भरत नाही, कच्चा माल आला नाही तरी भरत नाही, न्यायालयाच्या तारखेला नेले तरी भरत नाही. शेवटच्या रकान्यात उरलेल्या रकमेकडे एक घर डोळे लावून असते, आणि त्या घरावर कोणताही खटला चाललेला नाही. तुटपुंज्या मजुरीची सर्वांत मोठी झळ त्या घराला बसते: मुलांच्या शाळेला, म्हाताऱ्यांच्या औषधाला, आणि भेटीला यायचे भाडे नाही म्हणून चुकणाऱ्या मुलाकतीला.

बाहेरच्या प्रामाणिक कामगाराला जिथे किमान वेतन मिळत नाही तिथे कैद्याला का द्यायचे, ही हरकत मी अनेकदा ऐकली आहे. तिच्यातली वेदना खरी आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. स्वस्त कैदी-श्रमांनी बाहेरच्या कामगाराचे नेहमी नुकसानच केले आहे. एकोणिसाव्या शतकापासून कामगार संघटना तुरुंगात बनलेल्या मालाला विरोध करत आल्या आहेत तो याचमुळे, की फुकटच्या हातांशी स्पर्धा करून कोणाचाही दर टिकत नाही. कैद्याला पूर्ण दर दिला की ही स्पर्धा आपोआप थांबते.

मजुरीखेरीजही काही गोष्टी आहेत, ज्या एकदा गेल्या की परत मिळत नाहीत. ऑस्ट्रियातल्या एका कैद्याने आयुष्यातली सुमारे २८ वर्षे तुरुंगात काढली आणि त्यांतला मोठा काळ तिथल्या स्वयंपाकघरात व बेकरीत काम केले. म्हातारपणी निवृत्तिवेतन मागायला गेल्यावर कळले, की ती सारी वर्षे विम्यात धरलेलीच नाहीत. प्रकरण युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठापुढे गेले आणि २०११ मध्ये तो हरला. भेदभावाच्या मुद्द्यावर दहा न्यायमूर्ती विरोधात, सात बाजूने. बेकरीतला पाव इतर कोणत्याही पावासारखाच भाजला गेला होता. इटलीत याच्या उलट घडले. तिथल्या घटना न्यायालयाने २००१ मध्ये काम करणाऱ्या कैद्यालाही वार्षिक पगारी विश्रांतीचा हक्क आहे असे ठरवले, आणि तिथल्या कायद्यात कैद्याची मजुरी सामूहिक करारातल्या दराच्या दोन तृतीयांशाशी बांधलेली आहे. फ्रान्सने डिसेंबर २०२१ च्या कायद्याने तुरुंगातल्या कामासाठी प्रत्यक्ष करार आणला, ज्यावर कैद्याची सही असते आणि ज्यात कामाचे स्वरूप, तास व मोबदला लिहिलेला असतो. दर अजूनही बाहेरच्या किमान वेतनाहून बराच कमी आहे. तरी सही मागितली जाणे ही लहान गोष्ट नाही.

कोणाला कोणते काम मिळते, हाही हक्काचाच भाग आहे, आणि याबाबत आपल्याकडे लाजिरवाणा इतिहास आहे. अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावलीत झाडलोट आणि मैला काढण्याचे काम विशिष्ट जातींच्या कैद्यांना, आणि स्वयंपाक ‘योग्य’ जातीच्या कैद्याला, असे उघड लिहिलेले होते. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी हे नियम रद्द केले आणि तुरुंगातल्या नोंदवहीतला जातीचा रकानाही काढून टाकायला सांगितले. नियम कागदावरून गेले. पण काम वाटून देण्याचा अधिकार ज्यांच्या हातात होता त्यांच्याच हातात आहे, आणि नेमलेले काम नाकारले तर शिक्षेतून कमी होणारे माफीचे दिवस बुडतील ही भीती कैद्याच्या मनात आहे. तक्रार करायची तर ती ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याच मेजावरून पुढे जाणार.

म्हणून सगळ्या मागण्यांत मला एक मागणी सर्वांत निकडीची वाटते, ती म्हणजे मजुरी ठरवणाऱ्या मंडळात कैद्यांच्या प्रतिनिधीला जागा. उत्तर कॅरोलायनातल्या कैद्यांनी सत्तरच्या दशकात कामगार संघटना काढली तेव्हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये तुरुंग प्रशासनाला तिच्या सभा आणि सभासद नोंदणी रोखण्याची मुभा दिली. बर्लिनच्या टेगेल तुरुंगात २०१४ मध्ये कैद्यांनी पुन्हा अशी संघटना काढली आणि किमान वेतन व निवृत्तिवेतन या दोनच मागण्या लावून धरल्या. आपल्याकडे १९९८ च्या निकालाने मजुरीसाठी मंडळ नेमायला सांगितले, पण त्यात कैद्यांच्या वतीने कोणी बसावे असे सांगितले नाही. शिक्षा भोगून बाहेर पडलेला, मागावर किंवा भटारखान्यात काम केलेला माणूस, आणि कैद्यांच्या कुटुंबांपैकी एखादी स्त्री, अशा दोन व्यक्ती त्या मंडळात असाव्यात. बैठकीचे इतिवृत्त आणि दर ठरवण्याचा हिशेब बराकीत लावला जावा. बाहेरचे किमान वेतन सुधारले की आतला दर त्याच महिन्यात सुधारावा. आणि सुटकेच्या दिवशी प्रत्येकाच्या हातात साठलेल्या रकमेबरोबर केलेल्या कामाचा दाखला असावा, ज्यावर वर्षे आणि कौशल्य लिहिलेले असेल. यातल्या एकाही गोष्टीसाठी घटना बदलावी लागत नाही, दंडसंहिता बदलावी लागत नाही. राज्य सरकारच्या एका आदेशाने हे होऊ शकते, आणि तो आदेश आजवर का निघाला नाही हे प्रत्येक राज्याच्या गृहखात्याला विचारले गेले पाहिजे.